आईचा हात सुजला आहे: शेक देण्याआधी हे पाहा

वाळपईहून एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ५८. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, नंतर किरणोपचार झाले. तब्येत चांगली होती. यंदा महिन्याभरापूर्वी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तयारीत साफसफाई, नारळ खवणं, नेवऱ्या, सगळं आईनेच केलं आणि त्यानंतर डावा हात सुजायला लागला. दुखत फारसं नाही, पण जड वाटतो आणि काकणं रुतायला लागली आहेत. शेजारच्या मावशी मिठाच्या गरम पाण्याचा शेक आणि निगडीचा पाला सांगतात. दुसरं कोणी म्हणतं हात अजिबात हलवायचा नाही. ओळखीच्या एकाने लघवी होणाऱ्या गोळ्या सुचवल्या. घरी काय करता येईल, आणि आईने काम केलं म्हणूनच हे झालं का?

मी फोंड्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गेली वीस-बावीस वर्षं माझ्याकडे येणाऱ्यांत कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजलेल्या बायका पुष्कळ आहेत. तुमच्या प्रश्नात ‘सूज कशी उतरवायची’ असं विचारलं आहे. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न सोडवायला हवा: ही सूज कशाची आहे? एका सुजेला शेक चालतो, दुसरीला तोच शेक घातक ठरतो. एकीला पट्टी बांधायची असते, दुसरीला पट्टी बांधून आपण नुकसान करतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला बहुधा लिंफेडेमा, म्हणजे निचरा न होऊन साचलेल्या पाण्याची सूज, वाटतो. पण हात न बघता मी ते ठामपणे सांगणार नाही, आणि तुम्हीही घरच्या घरी ठरवू नका.

कारण असं की कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बऱ्याच दिवसांनी नव्याने आलेल्या सुजेमागे तीन गोष्टी असू शकतात, आणि तिन्ही आधी तपासून घ्याव्या लागतात. एक, शिरेत रक्ताची गुठळी. त्यात हात सहसा एक-दोन दिवसांतच फुगतो, निळसर दिसतो, ताणल्यासारखा दुखतो, खांद्यावर आणि छातीवर शिरा उठून दिसतात. केमोसाठी त्या बाजूला नळी किंवा पोर्ट बसवला असेल तर ही शंका जास्त. दोन, जंतुसंसर्ग. त्यात कातडी लाल, गरम, दुखरी होते आणि ताप येतो. तीन, आजार पुन्हा डोकं वर काढतोय का हे. काखेत किंवा गळ्याच्या हाडाच्या वर नवी गाठ, वाढत जाणारं दुखणं, बोटांतली ताकद कमी होणं किंवा मुंग्या येणं, छातीच्या कातडीचा रंग किंवा पोत बदलणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. बहुतेकींच्या बाबतीत यातलं काही निघत नाही, पण बघितल्याशिवाय मी हाताला हात लावत नाही.

म्हणून या आठवड्यातच आईला ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांकडे न्या. ते दूर असतील तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजची चिठ्ठी घ्या. हाताच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी करायची का, हे विचारा. तिला ना सुई लागते ना भूल. आणि हात एकाएकी निळा पडला, धाप लागली, छातीत दुखलं किंवा थंडी वाजून ताप भरला, तर आठवडा कसला, त्याच तासाला १०८ ला फोन करा.

आता लिंफेडेमा म्हणजे काय ते. फोंड्याच्या आसपास कुळागरं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, आहेत, सत्तरीतही आहेत, म्हणून मी बायकांना पाटाच्या पाण्यावरून समजावते. रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सतत मांसात झिरपत असतं. त्यातलं उरलेलं पाणी आणि त्याच्यासोबतची प्रथिनं गोळा करून परत रक्तात नेणारे बारीक पाट हातभर पसरलेले असतात. त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. डाव्या हाताचे बहुतेक पाट डाव्या काखेतल्या ग्रंथींतून पुढे जातात. लोक त्यांनाही गाठीच म्हणतात, पण या जन्मजात, कामाच्या गाठी. ऑपरेशनमध्ये त्या काढाव्या लागल्या आणि किरणांनी उरलेली जागा आक्रसली, म्हणजे पाटाचं तोंडच अरुंद झालं. पाणी येणं चालू, जाणं कमी. काहींचा हात महिन्याभरात सुजतो, काहींचा दोन वर्षांनी, काहींचा दहा वर्षांनीसुद्धा, आणि बऱ्याच जणींचा कधीच सुजत नाही.

यावरून शेजारच्या सल्ल्यांचा निकाल आपोआप लागतो. शेक दिला की रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी आणखी झिरपतं, म्हणजे अरुंद पाटात आपणच जास्त पाणी सोडतो. शिवाय काखेच्या ऑपरेशननंतर दंडाच्या आतल्या बाजूला बऱ्याचदा बधिरपणा राहतो. आईला विचारून बघा, तिथे स्पर्श कमी कळतो का. माझ्याकडे साखळीच्या बाजूच्या एक बाई आल्या होत्या, दंडावर तळहाताएवढा फोड घेऊन. गरम विटेचा शेक घेतला होता आणि चटका बसलेला त्यांना कळलाच नव्हता. भाजलेली कातडी म्हणजे जंतूंना उघडं दार. निगडीचा पाला मुरगळलेल्या घोट्यावर बांधणारे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्याबद्दल मला राग नाही. पण या हातावर पाला वाफवून गरम गरम बांधायचा नाही.

लघवीच्या गोळ्यांचंही तसंच. त्या शरीरातलं पाणी कमी करतात, पण हातात अडकलेली प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी त्या दिल्या असतील तर बंद करू नका. मात्र या सुजेसाठी आपल्या मनाने सुरू करू नका. पाणी पिणं कमी करूनही फायदा नाही, आणि ‘प्रथिनं अडकतात’ हे वाचून कोणी डाळ, अंडी, मासळी बंद करत असेल तर तेही चूक. वजन मात्र खरंच महत्त्वाचं आहे. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरलं तरी हाताला फरक पडतो.

हात अजिबात हलवायचा नाही, हा सल्ला मला सगळ्यात जास्त सलतो, कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत दवाखान्यांतूनही तो दिला जायचा. लसिकावाहिन्यांना हृदयासारखा मोठा पंप नाही. त्यांच्या भिंती स्वतः थोड्या आकुंचन पावतात, बाकीचं काम आजूबाजूचे स्नायू आणि श्वास करतात. हात गळ्यात बांधून ठेवला की तो आधारही जातो, आणि खांदा आखडतो तो वेगळाच. २००९ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात असाच हात सुजलेल्या १४१ बायका होत्या. त्यांतल्या निम्म्यांना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली होती. त्यांची सूज वाढली तर नाहीच, उलट त्रासाचे झटके कमी आले आणि ताकद वाढली. तेव्हापासून मी कुठल्याही बाईला ‘आता आयुष्यभर जड उचलू नका’ असं सरसकट सांगत नाही. सवय नसताना एका दिवसात भलतं ओझं उचलू नका, हे मात्र सांगते.

डॉक्टरांनी गुठळी नाही, संसर्ग नाही, आजार परतलेला नाही असं सांगितलं, तर घरी काय करायचं ते आता लिहिते.

पहिलं काम आजच करा, डॉक्टरांकडे जायच्याही आधी: डाव्या हातातली काकणं आणि अंगठी काढा. साबणाच्या पाण्याने किंवा खोबरेल लावून निघतात का बघा, नाही तर काच जपून फोडा आणि सोन्याचं असेल तर सोनाराकडून कापून घ्या. यावरून घरात कधी कधी रडारड होते, मी ती पाहिली आहे. काकणं उजव्या हातात भरा. सुजलेल्या मनगटात रुतलेलं काकण पुढचा पंजा आणखी फुगवतं.

दुसरं, माप. हेही डॉक्टरांची वाट न बघता सुरू करा. शिंप्याकडची कापडी टेप घ्या. आई बसलेली, हात टेबलावर सरळ, तळवा वर. कोपराच्या घडीपासून खाली १० सेंटिमीटरवर आणि वर १० सेंटिमीटरवर पेनाने बारीक खूण करा. मनगट, खालची खूण, वरची खूण, अशी तीन मापं. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. माप घेणारं माणूस दर वेळी एकच असावं, नाही तर एक जण ओढून धरतो, दुसरा सैल सोडतो, आणि सूज उतरली की चढली तेच कळत नाही. दोन्ही हातांची मापं घ्या. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, त्यामुळे अर्ध्या-एक सेंटिमीटरने घाबरू नका. २ सेंटिमीटर किंवा जास्त फरक आला तर ती सूज धरतात. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, सकाळीच, वहीत तारखेसकट लिहा. डोळ्यांना वाटतं त्यापेक्षा या वहीवर माझा जास्त विश्वास आहे.

मापासोबत दोन गोष्टी बोटांनी तपासा. सुजलेल्या जागी अंगठा दहापर्यंत मोजून दाबून धरा. खड्डा पडतो का? आणि रात्री हात उशीवर ठेवून झोपल्यावर सकाळी सूज उतरते का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर सुरुवात आहे, अशा वेळी हात खूप लवकर सुधारतो. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, पंजाच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून बघा. ती धरताच येत नसेल, घट्ट रबरासारखी लागत असेल, तर सूज मुरायला लागली आहे, तेव्हा लिंफेडेमाचं काम येणारा फिजिओथेरपिस्ट लवकर गाठा. महिनाच झाला आहे असं तुम्ही लिहिता, म्हणून मला आशा आहे.

तिसरं, कातडी. लसिकेचा निचरा जिथे कमी असतो तिथे जंतूंशी लढणंही कमकुवत असतं. आपल्याकडे हे कुठे बिघडतं ते सांगते: आदोळीवर नारळ खवताना लागलेला चिरा, सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलताना बोटात घुसलेला काटा, शिंगाळा माशाचा काटा, काजूच्या बागेत बीच्या चिकाने, म्हणजे तिच्या सालीतल्या तेलाने, आलेला फोड, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणारा चिखल्या, आणि डास. म्हणून मासळी साफ करताना रबरी मोजे, बागेत जाड मोजे, भांडी घासताना शक्य तर मोजे. नखं कापताना कडेची कातडी ओढायची नाही. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि रात्री साधं खोबरेल किंवा मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावायचं. लागलंच, तर लगेच साबणाने धुवायचं, जंतुनाशक लावायचं आणि दोन दिवस लक्ष ठेवायचं.

एका बाईंचं मला नेहमी आठवतं. सुंगटाचा काटा लागला, संध्याकाळी बोट लाल, रात्री ताप. ‘उद्या बघू’ म्हणत तीन दिवस गेले आणि मग इस्पितळात शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. बऱ्या झाल्या, पण त्या एका दुखण्याने हाताची सूज पूर्वीपेक्षा वाढली ती वाढलीच. प्रत्येक संसर्ग उरलेले पाटही बुजवत जातो. लाली दिसली तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली किंवा अंगात ताप आला तर डॉक्टर त्याच दिवशी. तोपर्यंत मालीश बंद.

चौथं, मालीश. हा शब्द ऐकला की लोक तेल चोळून घाम काढतात, आणि इथे नेमकं तेच नको. ज्या वाहिन्यांना हलवायचं आहे त्या कातडीच्या अगदी खाली असतात, जोरात रगडलं की त्या दबून बंद होतात. कातडी ताणली जाईल एवढाच जोर. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो, जवळपास तेवढाच. दुसरी गोष्ट क्रमाची. कुळागरात पाणी तुंबलं तर आपण आधी पुढचा पाट मोकळा करतो, मग मागचं पाणी सोडतो. तसंच इथे: आधी पाच दीर्घ श्वास पोटातून, मग मानेच्या दोन्ही बाजू, मग उजवी काख आणि डावी जांघ, कारण डाव्या काखेचा रस्ता अरुंद झालाय आणि पाणी तिकडे वळवायचं आहे. मग छातीवरून उजवीकडे आणि कुशीतून जांघेकडे. त्यानंतर दंड, तोही खांद्याकडे. मग कोपराखालचा भाग, शेवटी पंजा. बोटांपासून सुरुवात करून वर ढकलत नेणं हे सगळ्यांना साहजिक वाटतं, पण त्याने तुंबलेल्या जागी आणखी भर पडते. वीस मिनिटं पुरे. पहिल्यांदा शिकून घ्या, एक-दोन बैठकींत मुलीला किंवा सुनेला नीट जमतं. हृदय नीट काम करत नसेल, गुठळी किंवा ताप असेल तर मालीश नाही.

पाचवं, दाब. इथे मी स्वतः केलेली चूक सांगते. कामाच्या पहिल्या वर्षांत मी एका बाईला मनगटापासून कोपरापर्यंत साधं क्रेप बँडेज घट्ट बांधून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा कोपराखालचा भाग थोडा उतरला होता आणि बोटं केळ्यांसारखी फुगली होती. रात्रभर त्यांना झोप नव्हती, आणि मी सांगितलंय म्हणून त्यांनी ते सोडलंही नव्हतं. क्रेप फार ताणतं, आराम करतानाही दाबत राहतं. या कामाला कमी ताणणाऱ्या पट्ट्या लागतात, त्या बोटांपासून सुरू करून दंडापर्यंत थर देत जातात, खाली जास्त दाब आणि वर कमी. हे शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. दोन-तीन आठवडे पट्ट्या बांधून सूज उतरली की मग हाताच्या मापाची स्लीव्ह, म्हणजे दाब देणारी घट्ट बाही, घ्यायची. सुजलेल्या हाताच्या मापाने घेतली तर ती सूज आहे तिथेच धरून ठेवते. सूज अगदी सुरुवातीची असेल तर काही वेळा थेट स्लीव्हनेच भागतं, ते हात बघून ठरतं. पंजाही सुजत असेल तर सोबत हातमोजा हवा, नाही तर पाणी तिथे उतरतं.

स्लीव्ह सकाळी उठल्याबरोबर घालायची, रात्री झोपताना काढायची. दोन असाव्यात, एक धुवायला आणि एक घालायला. सहा महिन्यांत तिचा ताण जातो, मग दिसायला चांगली असली तरी बदलायची. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ती घालणं किती कठीण आहे हे मला माहीत आहे, बायका अक्षरशः रडकुंडीला येतात. अशा वेळी बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत उरका, दुपारी पंख्याखाली बसा, स्लीव्हवरून पाण्याचा हलका फवारा मारा, वाळताना ती गार लागते. अगदीच नाही सोसली तर दुपारी तासभर काढून हात उशीवर उंच ठेवा, पण सोडून देऊ नका.

सहावं, व्यायाम. स्लीव्ह घालूनच: मूठ आवळणं-सोडणं, मनगट गोल फिरवणं, कोपर वाकवणं, खांदे मागे फिरवणं, भिंतीवर बोटं चढवत हात वर नेणं, प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोनदा. मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन. दोन आठवडे सूज वाढली नाही तर थोडं वजन वाढवायचं. त्या हातावर रक्तदाब मोजणं आणि सुई टोचणं याबद्दल आजकाल पूर्वीइतकी भीती उरलेली नाही, तरी दुसरा हात मोकळा असताना तोच पुढे करा.

ज्यांचा हात सुजलाय पण कॅन्सरचा काही संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. पडल्यावर किंवा मुरगळल्यावर आलेली सूज: अंगठ्या काढा, हात हृदयापेक्षा उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, हाड वाकडं दिसलं किंवा बोटं हलेनात तर एक्स-रे. सलाइन लावल्या जागी शीर दोरीसारखी कडक आणि दुखरी झाली असेल तर डॉक्टरांना दाखवा, बहुतेक वेळा ती बरी होते. शिंगाळा किंवा पाकट डसली तर मात्र सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवणं हाच वेदनेवरचा उपाय आहे. पाणी किती गरम हे दुसऱ्या, न बधिरलेल्या हाताने बघा, आणि जखम नंतर दाखवा, आत काटा राहतो. बागेत काहीतरी चावलं आणि हात भराभर सुजत वर चाललाय, तर घोणस किंवा चापडा साप समजूनच चाला: अंगठी-काकणं काढा, हात स्थिर ठेवा, दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, बर्फ लावू नका, थेट इस्पितळ. दोन्ही हात आणि चेहरा सुजला, किंवा पायही सुजले, तर हाताकडे बघत बसू नका. छाती, किडनी, हृदय तपासायला हवं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. आईने काम केलं म्हणून हे झालं का? पाट दोन वर्षांपासूनच अरुंद होता. चवथीच्या त्या आठवड्यात सवयीपेक्षा जास्त काम, चुलीची धग, कमी झोप आणि कदाचित न दिसलेला एखादा चिरा, यांनी तो तुंबला असेल. पण आईचा यात दोष नाही, आणि तिला स्वयंपाकघरातून उठवून बसवू नका. गेल्या वर्षी एका मुलाने आईचं सगळं काम बंद केलं, ती बाई माझ्यासमोर बसून म्हणाली, ‘हात सुजला म्हणून माझं घर का काढून घेतलंत?’ पुढच्या चवथीला आईने नेवऱ्या जरूर कराव्यात. स्लीव्ह घालून, अर्ध्या तासाने थांबून हात वर करून दहा मुठी आवळून, आणि तळायला दुसऱ्या कोणी बसून. मोठं पातेलं, पाण्याची कळशी आणि माटोळीची ओझी तुम्ही उचला.

डॉक्टरांकडे जाताना ऑपरेशनचे कागद, काखेतल्या किती गाठी काढल्या त्याचा रिपोर्ट, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि ती मापांची वही बरोबर ठेवा. पहिलं माप उद्या सकाळी, आई चहा घेण्याआधी.